ग्लासातलं पाणी आणि "लई इचार"

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या सोलापूरच्या घरी नात्यातली एक आत्या राहायला आली होती. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपलेले. आत्या घरात झोपायचीच नाही, अंगणात बाज टाकायची आणि बाजेखाली पाण्याचा स्टीलचा ग्लास ठेवून रात्रभर उठून उठून बघायची, पाणी हलतंय का. डॉक्टरांनी बीपी बघितलं, झोपेची गोळी दिली. ग्लासाचं कुणी विचारलंच नाही.

या त्रासाला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागं राहणारा त्रास. १९८० ला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी हे नाव आपल्या अधिकृत यादीत घातलं. धोका टळून गेलेला असतो पण अंग अजून सावधच राहतं, झोप लागत नाही, जरा खुट्ट झालं तरी दचकायला होतं. हे माणसाला कुठंही होऊ शकतं, पण ते सांगायची भाषा मात्र प्रत्येकाची वेगळी असते, आणि मला वाटतं उपचार इथंच अडतात. कंबोडियात १९७५ ते ७९ च्या कत्तलीतून वाचून अमेरिकेत गेलेले निर्वासित सांगायचे की अंगातला वारा वर चढतोय, आता मानेच्या शिरा फुटणार. अशा माणसाला "तुमचं हार्ट नॉर्मल आहे" एवढंच सांगितलं तर त्याची भीती जाणार कशी, तो तर वाऱ्याला भ्यालाय!

झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, अर्थ अगदी आपल्या आयाबाया म्हणतात तोच, "लई इचार करती". डॉ. डिक्सन चिबांडांनी तिथं २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना ट्रेनिंग दिलं, दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून त्या याच शब्दात बोलतात, आणि २०१६ च्या मोठ्या चाचणीत दिसलं की सहा महिन्यांनी लोकांचा त्रास खरंच बराच कमी झाला.

आपल्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू, तिकडं अक्कलकोटकडं कन्नड, मग दवाखान्यात आजीचं दुखणं दहा वर्षांचा नातू मराठीत सांगतो. अशा गोष्टी नातवासमोर कोण बोलेल? त्याला दुभाषी करूच नये, त्या पोरावरही ओझं पडतं. आणि घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं खोदून विचारणंही नको, त्यानं पुढचा पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास वाढतो, हे अभ्यासातून दिसलंय.

शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशी रोज सूप घेऊन आत्याजवळ बसायच्या, पानं कापत, काही न विचारता. महिनाभरानं एका संध्याकाळी त्यांनी ग्लास उचलला आणि म्हणाल्या, "आज मी बगते पाणी, तू झोप." त्या रात्री आत्या पहिल्यांदा भिंतीखाली कोण कोण होतं ते बोलली.