गृहपाठ अडला? अर्धं सोडवलेलं घेऊन या
भौतिकशास्त्र आणि त्रिकोणमिती, इयत्ता नववी ते अकरावी

आमच्याकडे शिकवणीला येणारी बहुतेक पोरं एकच गाऱ्हाणं सांगतात: "सर, सूत्र पाठ आहे, पण गणित समजून नाही राहिलं." सूत्र खरंच पाठ असतं. अडतं ते आकृतीपाशी. म्हणून आकृती काढल्याशिवाय आम्ही गणिताला हात लावत नाही, आणि ती तुम्हालाच काढायला लावतो. चुकीची आकृती चालेल, कोरं पान चालणार नाही. चुकलेल्या आकृतीत घोळ कुठं झाला ते लगेच सापडतं.

साइन की कोसाइन?

सगळ्यात जास्त वह्या इथंच थांबतात. सोयाबीनचा ५० किलोचा कट्टा ट्रॉलीत चढवायचा आहे, फळी ३० अंशांत टेकवली आहे. काट्यावरचे ५० किलो म्हणजे वस्तुमान. पुस्तक ज्याला वजन म्हणतं ते बल आहे: ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९० न्यूटन, आणि ते सरळ खाली लागतं. मग फळीच्या उताराकडे त्यातलं किती लागतं? निम्मी पोरं साइन लिहितात, निम्मी कोसाइन, आणि सगळी शेजारच्या वहीत डोकावतात.

हे पाठ करायची गरज नाही. फळी मनातल्या मनात जमिनीवर आडवी टाका. कोन झाला शून्य. कट्टा घसरेल का? नाही. म्हणजे घसरवणारा भाग शून्य यायला हवा, आणि शून्य अंशाला शून्य होतो तो साइन. कोसाइन तर तिथं १ असतो. तेव्हा उताराच्या दिशेनं ४९० गुणिले ०.५, म्हणजे २४५ न्यूटन. फळीवर दाबणारा भाग ४९० गुणिले ०.८६६, म्हणजे सुमारे ४२४.

आता २४५ आणि ४२४ यांची बेरीज ४९० येत नाही म्हणून घाबरू नका. दोन्ही बलं एकमेकांना लंब आहेत, त्यामुळे ती सरळ मिळवता येत नाहीत. दोघांचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. ४९० परत हाती येतं. पायथागोरसचं प्रमेय भूमितीच्या पेपरापुरतंच असतं असं वाटणाऱ्यांना आम्ही ही बेरीज मुद्दाम करायला लावतो.

उंची-अंतराची गणितं

गावच्या पाण्याच्या टाकीपासून ३० मीटरवर उभे राहा. टाकीचं टोक ३० अंशांच्या उन्नत कोनात (आडव्या रेषेपासून वर पाहतानाच्या कोनात) दिसलं, तर उंची येते ३० गुणिले टॅन ३०, म्हणजे साधारण १७.३ मीटर. पण कोन तुमच्या डोळ्यापासून मोजला होता, जमिनीपासून नाही. डोळा दीड मीटरवर असेल तर टाकी १८.८ मीटर. गणितात पाहणाऱ्याची उंची दिलेली असूनही ती मिळवायची राहते आणि हातचे गुण जातात. अवनत कोनात, म्हणजे वरून खाली पाहतानाच्या कोनात, तर वेगळीच गंमत होते: तो आडव्या रेषेपासून मोजायचा, आणि पोरं मोजतात टाकीच्या खांबापासून.

मोबाइलवर साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ आलं तर मोबाइल बिघडलेला नाही, तो रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर आहे. अंशांवर करून घ्या. तसंही बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. दहावीला ३०, ४५, ६० अंशांचा तक्ता तोंडपाठ हवा आणि बारावीच्या भौतिकशास्त्राला लॉग टेबल वापरण्याचा हात बसलेला हवा. ती सवय अकरावीतच लागते.

एककांचं थोडक्यात: वेग ताशी ५४ किलोमीटर आणि थांबायचं अंतर मीटरमध्ये दिलं असेल, तर आधी ५/१८ नं गुणून सेकंदाला १५ मीटर करून घ्या. मग सूत्र लावा.

प्रश्न कसा विचारायचा

व्हॉट्सॲपवर पूर्ण पानाचा फोटो टाका: पुस्तकातला प्रश्न, तुमची आकृती आणि तुम्ही जिथवर आलात तिथवरच्या पायऱ्या. नुसतं "सर सोडवून द्या" आलं तर आमच्याकडून उत्तर नाही, उलटा प्रश्न येईल. घरात मोबाइल नसेल तर आमच्या दुकानाबाहेरच्या डब्यात चिठ्ठी टाका. दुसऱ्या दिवशी शाळेतून येता-जाता बसून समजून घेता येईल. संध्याकाळी ६ ते साडेआठ आम्ही असतोच. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. अकरावीचं पुस्तक इंग्रजीत असलं तरी आम्ही मराठीतच समजावतो, आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घेतो, कारण पेपर तसाच लिहायचा आहे.

आईवडिलांसाठी

पूर्ण गृहपाठ किंवा प्रॅक्टिकलचं जर्नल आम्ही लिहून देत नाही. जास्त पैसे दिले तरी नाही. ही विनंती दर डिसेंबरात येते, म्हणून आधीच छापून ठेवलं. पहिल्या आठवड्याची फी नाही. पुढची फी महिन्याची आहे, आणि कापूस-सोयाबीन विकल्यावर एकदम दिली तरी चालते. वेचणीच्या दिवसांत मुलं शेतात जातात हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांतले राहिलेले धडे पुढे वेगळे बसवून घेतो, त्याचे पैसे नाहीत.

येताना वही, पट्टी आणि कोनमापक आणा. पाठ्यपुस्तकं इथं आहेत.