मोडी एका रात्रीत गेली नाही

पुण्यात अजून ऐकू येतं : १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं आणि कचेऱ्यांतून मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी, हद्दपार झाली. हे खरं नाही. निशाण चढलं, पण कारकून तेच राहिले. कारभार हाती घेणाऱ्या एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने जुनी घडी फारशी मोडली नाही. कोर्टांचे नियम १८२७ च्या कायद्यांनी बांधले, तरी खालच्या कोर्टांतले मराठी कागद मोडीतच लिहिले जात. कारण साधं : बोरूची ती भरभर लिपी कारकुनांच्या हातात बसलेली होती. विसाव्या शतकातली खरेदीखतंसुद्धा मोडीत सापडतात. म्हणून तर वाटणीचे दावे लढणारे आजही मोडी वाचणारा शोधत फिरतात, आणि तो मिळणं सोपं नसतं!