एल्मर फड मेल ब्लँकचा नव्हे

बग्ज बनी हा ससा आणि त्याच्या मागे लागणारा शिकारी एल्मर फड यांची जुनी कार्टून लागली की कुणीतरी म्हणतंच, "दोन्ही आवाज एकाच माणसाचे, बरं का! मेल ब्लँक." मग मला राहवत नाही आणि चहा गार होतो.

ब्लँक सगळ्यांना ठाऊक आहे. बग्ज, डॅफी, सिल्व्हेस्टर, ट्वीटी, योसेमिटी सॅम. शिवाय रेडिओवर विनोदवीर जॅक बेनीच्या कार्यक्रमात धापा टाकणारी मॅक्सवेल मोटार आणि कातावलेला व्हायोलिन मास्तर. पण एल्मरचा आवाज आर्थर क्यू. ब्रायन या दुसऱ्या नटाचा. १९४० पासून थेट १९५९ मध्ये ब्रायन वारला तोवर.

घोळ घातलाय तो कार्टूनच्या श्रेयनामावलीतल्या पाटीने. 'व्हॉइस कॅरेक्टरायझेशन – मेल ब्लँक' अशी ती सुरुवातीलाच झळकते आणि आपण ती हजेरीपटासारखी वाचतो. माइकसमोर कोण कोण होतं, हे ती सांगतच नाही. नाव छापायचं कोणाशी ठरलं होतं, एवढंच सांगते. ब्लँकच्याच सांगण्यानुसार त्याने निर्माता लिऑन श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली, ती मिळेना, तेव्हा निदान पडद्यावर नाव तरी द्या म्हणाला. ते मिळालं. पुढे कित्येक वर्षं आवाजासाठी नाव झळकलं ते एकट्या ब्लँकचं. त्याच कार्टूनमध्ये निम्मे संवाद ब्रायनचे असले तरी पाटीवर ब्रायन नाही. म्हातारी ग्रॅनी बोलणारी बी बेनाडेरेट, तीही नाही. मला राग ब्लँकचा नाही. पाटी वाचून छातीठोकपणे बोलणाऱ्यांचा आहे.

त्यापेक्षा कान द्या. ब्लँकचा आवाज घशातून उसळतो, थुंकी उडवतो. डॅफी म्हणजे तर जवळपास सिल्व्हेस्टरच, ध्वनिमुद्रण जलद केलेला. ब्रायनचा एल्मर मऊ, गुबगुबीत. 'र' आणि 'ल' दोन्हींचा 'व' करतो, म्हणून रॅबिटचा 'वॅबिट'. हा बोबडेपणा ब्रायनचा स्वतःचा होता असं समजणारेही भेटतात. 'फिबर मॅगी अँड मॉली' या रेडिओ मालिकेतला डॉक्टर गँबल ऐका: तोच ब्रायन, उच्चार स्वच्छ, आणि मालिकेचा नायक फिबर याची सालटी काढण्यात पटाईत.

ब्रायननंतर एल्मर आधी हॅल स्मिथने केला आणि पुढे ब्लँकने. ब्लँकचा एल्मर मला नक्कलच वाटतो. त्यात ती भाबडी हवा नाही.

एक जागा मात्र फसवी आहे. १९५७ च्या 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' मध्ये शिरस्त्राण घातलेला एल्मर बग्जवर वादळं, भूकंप सोडतो आणि शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडतो, "स्मॉग!" म्हणजे धुरकं. गाणं, बाकी सगळं बोलणं ब्रायनचं, ही एक आरोळी ब्लँकची. वाद घालणाऱ्याला तेवढा एक शब्द मी देऊन टाकतो.