वोल्लाम

'वोल्लाम' म्हणजे उत्तर कोरियातून ३८ व्या अक्षवृत्ताची रेषा (१९४५ मध्ये कोरियाची उत्तर-दक्षिण विभागणी झाली ती) ओलांडून दक्षिणेत येणे. १९४५ ते १९५३ दरम्यान अशी घरेच्या घरे आली. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. विशेषतः १९५० च्या हिवाळ्यात निघालेल्यांना वाटत होते, आठवडाभरात परतू. सोबत काय घ्यायचे, मागे कोण थांबेल, हे त्याच हिशेबाने ठरले.

या घरांनी हाल आधीच सोसले होते. जपानी अंमलाच्या अखेरीस तांदूळ लेव्हीत ('कोंगचुल') जाई आणि वाट्याला सोयाबीनची पेंड येई. १९४० पासून जपानी धर्तीची नावे घ्यायला लावली, तरुणांना खाणी-कारखान्यांत सक्तीने नेले. मार्च १९४६ मध्ये उत्तरेत ५ जोंगबोंवरील (सुमारे ५ हेक्टर) जमिनी मोबदल्याविना काढून घेतल्या. जमीनदार, व्यापारी आणि ख्रिस्ती कुटुंबे तेव्हापासूनच निघू लागली. वाटाड्याला पैसे देऊन रात्री डोंगरवाटेने किंवा नदी उतरून जायचे. पलीकडच्या छावणीत अंगावर डीडीटी फवारत.

दुसरी लाट कोरियन युद्धातली, डिसेंबर १९५० ची. चिनी फौजा उतरल्या, संयुक्त राष्ट्रांचे सैन्य मागे फिरले आणि त्या सैन्याला मदत केलेल्यांना सूडाची धास्ती बसली. अणुबॉम्ब पडणार ही अफवाही होतीच. घरातल्या तरुण पुरुषांना जास्त धोका, म्हणून पुष्कळदा तेच पुढे गेले. म्हातारी माणसे घर राखायला थांबली. ताटातूट झाली ती इथे.

मूल पाठीवर 'पोदेगी' या जाड फडक्याने बांधत, ओझे 'चिगे' या लाकडी पाठघोडीवर. खायला 'मिसुत्कारू', म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ, थेट आपल्या सातूच्या पिठासारखे: पाण्यात कालवले की झाले. चूल नको, म्हणून धूरही नाही.

उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून १५ ते २४ डिसेंबरदरम्यान सुमारे १ लाख सैनिक आणि ९० हजारांहून अधिक निर्वासित हलवले गेले. निर्वासितांना घ्यायला तिथले अमेरिकी सेनापती जनरल आल्मंड आधी तयार नव्हते; त्यांचे कोरियन सल्लागार डॉ. ह्यॉन बोंग-हाक यांनी त्यांचे मन वळवले. 'मेरिडिथ व्हिक्टरी' या मालवाहू जहाजात १२ प्रवाशांची सोय होती. त्यात १४,००० माणसे भरली. खालच्या कप्प्यांत दिवा नाही, ऊब नाही, अन्नपाणी जवळपास नाही. तशातच पाच बाळे जन्मली. दक्षिणेतल्या बुसान बंदराने उतरवून घेतले नाही, म्हणून जहाज कोजे बेटावर गेले.

चुकामूक झालीच तर बुसानच्या योंगदो पुलावर भेटायचे, असे अनेकांनी ठरवले होते. उत्तरेतल्या हामग्योंग प्रांताचे लोक सोक्चो इथल्या वाळूपट्टीवर सीमेजवळ राहिले, रस्ता उघडला की लगेच निघता यावे म्हणून. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि रस्ता बंदच राहिला. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा भारतीय रक्षक दलाकडे आला. त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे मराठी अधिकारी होते.

दक्षिणेत या लोकांची 'काहोजोक' ही तात्पुरती कुटुंबनोंद झाली. मूळ कागद उत्तरेत राहिल्याने सांगितले तसे लिहिले जाई. वय, नाव चुके आणि पुढे शोध अडे. ३० जून १९८३ पासून दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर १३८ दिवस चाललेल्या शोधकार्यक्रमात १०,१८९ भेटी झाल्या. कागदावर भिस्त ठेवता येत नव्हती. लोक हातातल्या फलकांवर लहानपणचे टोपणनाव, गावाची खूण, अंगावरचा भाजल्याचा डाग लिहून उभे राहत.