नवतपातही पांघरूण लागत असेल तर

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागला की नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि घरोघरी कूलर रात्रभर चालू राहतो. अशा दिवसांत घरातील एखादी व्यक्ती कूलरसमोरून उठून जात असेल, अंगावर पांघरूण ओढून घेत असेल, तर तो तिचा स्वभाव आहे असे समजून घरच्यांनी विषय सोडून देऊ नये. उलट जानेवारीच्या थंडीत कोणाला घाम फुटत असेल, तर तेही तितकेच लक्षात घेण्यासारखे आहे. शरीरात ऊर्जा किती वेगाने वापरली जावी हे गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, ठरवते, आणि तिचा स्राव कमी किंवा जास्त झाला की थंडी-उष्णता सोसण्याची क्षमता बदलते.

स्राव कमी पडणे हा प्रकार अधिक आढळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील आठ शहरांमधील पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांमध्ये तो आढळला, आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. हे घडते, कारण थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, थोडे वाढलेले वजन, जड झालेला आवाज, मंदावलेली नाडी आणि उदासपणा ही लक्षणे महिनोन्‌महिने हळूहळू येतात आणि प्रत्येकासाठी दुसरे एखादे कारण हाताशी असते. स्त्रियांच्या बाबतीत तर ते कारण घरातली दगदग, रक्ताची कमतरता किंवा वय असे चटकन सांगितले जाते. पाळीत जास्त रक्तस्राव होणे हेही याच आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यातून रक्त कमी होते. म्हणून केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबणे मला योग्य वाटत नाही.

स्राव जास्त झाल्यास चित्र उलटे दिसते. भूक चांगली असूनही वजन घटते, छातीत धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागतात. वृद्धांमध्ये मात्र केवळ अनियमित ठोके हेच एकमेव लक्षण असू शकते. गळ्यावर गाठ किंवा सूज दिसल्यास ती दुखत नसली तरी दाखवावी.

धोका कोणाला अधिक असतो? पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी जास्त, आणि रक्ताच्या नात्यात कोणाला हा आजार असेल तर आणखी. पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा कोड असणारे, गळ्यावर किरणोपचार झालेले, तसेच लिथियम किंवा अमियोडॅरोन ही औषधे घेणारे यांनीही सावध राहावे. आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी झाला, पण शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते तो प्रकार मिठाने टळत नाही.

गरोदरपणाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या स्रावावर अवलंबून असते, त्यामुळे कमी स्रावासाठी आधीपासून थायरॉईडची गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्याचे कळताच मात्रा बहुधा वाढवावी लागते. गोळी आपल्या मनाने बंद करणे बाळासाठी घातक ठरू शकते. काही बाळे जन्मतःच या कमतरतेसह येतात आणि सुरुवातीला पूर्ण निरोगी दिसतात. जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी केली आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बौद्धिक हानी टाळता येते. प्रसूती खाजगी रुग्णालयात होवो वा नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, ही तपासणी झाली का, असे पालकांनी स्वतःहून विचारावे.

मोठ्यांसाठी सुरुवातीची तपासणी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची, रक्ततपासणी असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉईडला हा संदेश पाठवते, म्हणून थायरॉईड मंदावली की बहुधा टीएसएच वाढतो आणि ती अति काम करू लागली की घटतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी तसे सांगावे, कारण त्यांमुळे अहवाल चुकीचा येऊ शकतो. कमी स्रावावरील उपचाराची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने करावा, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. मात्रा बदलल्यानंतर रक्तातील पातळी स्थिरावण्यास वेळ लागत असल्याने पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात.