पानातला ऑक्सिजन पाण्यातून येतो

शयनगृहात ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या रोपांच्या जाहिरातींत ‘हे झाड रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडते’ हे वाक्य हमखास आढळते आणि शिकलेली माणसेही त्यावर विश्वास ठेवतात. या समजाचे मूळ शाळेत पाठ केलेल्या एका अर्धवट वाक्यात असावे, असे मला वाटते. झाड कार्बन डायऑक्साइड घेते आणि ऑक्सिजन सोडते, एवढेच लक्षात राहिले की कार्बन ठेवून घेऊन उरलेला ऑक्सिजन झाड बाहेर टाकते, असे चित्र मनात तयार होते. प्रत्यक्षात प्रकाशसंश्लेषणात सुटणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूंतून आलेला असतो.

शाळेतल्या समीकरणातच याची खूण आहे. त्यात कार्बन डायऑक्साइडचे ६ आणि पाण्याचे ६ रेणू घेऊन ऑक्सिजनचे ६ रेणू मिळतात. पण ६ रेणू म्हणजे १२ अणू, आणि ६ पाण्यांत ऑक्सिजनचे अणू सहाच. खरे तर पाण्याचे १२ रेणू खर्ची पडतात आणि ६ नव्याने तयार होतात. दोन्ही बाजूंची काटछाट केल्यामुळे ही गोष्ट समीकरणात दिसेनाशी होते.

जांभळे गंधक जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक साठवतात, यावरून कॉर्नेलिस व्हान नील यांनी १९३०च्या दशकात हा तर्क मांडला. सॅम्युएल रुबेन आणि मार्टिन कामेन यांनी १९४१ साली ऑक्सिजनचा जड समस्थानिक मिसळलेले पाणी शैवालाला दिले, तेव्हा तोच जड ऑक्सिजन बाहेर पडलेल्या वायूत सापडला.

पाणी मात्र सहजासहजी फुटत नाही. ऑक्सिजनचा एक रेणू मिळवायचा तर पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि प्रकाशाचा एक कण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन हलवू शकतो. हरितलवकाच्या पटलांत ‘प्रकाशप्रणाली दोन’ नावाचा प्रथिनसमूह असतो आणि त्यात चार मँगनीज, एक कॅल्शियम व पाच ऑक्सिजन अणूंचा एक चिमुकला गुच्छ असतो. प्रकाश पडला की तेथील हरितद्रव्य आपला इलेक्ट्रॉन पुढे देऊन टाकते आणि ती तूट या गुच्छाकडून भरून घेते. गुच्छ एक, दोन, तीन अशी तूट सोसत राहतो आणि चौथ्या वेळी सगळी वसुली एकदम पाण्याकडून करतो. त्याच क्षणी ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जाऊन सुटतात. पियेर जोलियो यांनी १९६९ साली अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. सर्वाधिक ऑक्सिजन तिसऱ्या झोताला मिळाला, मग सातव्या, मग अकराव्या. पहिला उच्चांक चौथ्याऐवजी तिसऱ्याला का, याचे उत्तर बेसेल कॉक यांनी दिले: अंधारात विसावलेला गुच्छ मुळातच एक पायरी वर असतो. सजीवांच्या रसायनशास्त्रात याहून सुंदर मोजणी मला माहीत नाही.

प्रकाश थांबला की ही मोजणीही थांबते. त्यामुळे कोणतेही झाड अंधारात ऑक्सिजन तयार करू शकत नाही. उलट आपल्यासारखेच श्वसन करून ते तो वापरते. त्याच्या आणि आपल्या पेशींतील तंतुकणिकांत ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि पुन्हा पाण्याचे दोन रेणू होतात.

जाहिरातींतल्या दाव्यामागे सत्याचा एक अंश आहे, तो मात्र वेगळा. निवडुंगासारख्या कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींनी दिवसा पर्णरंध्रे उघडली तर बाष्पावाटे त्यांचे फार पाणी जाईल. म्हणून त्या रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतील रिक्तिकांत साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या बळावर त्याची साखर करतात. पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत बेचव होतात, हे बेंजामिन हाइने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते. तो आंबटपणा म्हणजे रात्री साठवलेला कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन तयार होतो तो उन्हात, आंबटपणा उतरू लागल्यावर.