इस्बिस्टर: ऑर्कनीतील एका आडनावाची पार्श्वभूमी

इस्बिस्टर हे आडनाव स्कॉटलंडमधील दुर्मीळ आडनावांत मोजले जाते, आणि मुख्य भूमीपुरते ते खरेही आहे. एडिनबरा व लीथ बंदराचा परिसर सोडला तर तेथे हे आडनाव क्वचितच कानावर पडते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी आणि शेटलंड या बेटसमूहांत मात्र ते ओळखीचे आहे. कॅनडातील सॅस्कॅचेवन नदीकाठच्या क्री या मूलनिवासी समाजाच्या वस्त्यांत, प्रिन्स अल्बर्ट शहरात आणि विनिपेगच्या आसपास रेड नदीलगतच्या जुन्या पॅरिशांतही (चर्चच्या विभागांतही) ते कोणाला नवे वाटत नाही. आडनावाचा आजचा प्रसार मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत झाला. पुढील विवेचनात त्या काळाला बेटांवरील मध्ययुगापेक्षा बरीच अधिक जागा दिली आहे, ती त्यामुळेच.

आडनाव पडले ते शेतवाडीवरून. ऑर्कनीत साउथ रोनल्डसे, रेंडल आणि बर्से या तीन ठिकाणी इस्बिस्टर नावाच्या जागा आहेत. शेटलंडमध्ये व्हॉल्से बेटावर आणि नॉर्थ रोच्या बाजूलाही त्याच नावाच्या वस्त्या आहेत. शेवटचा ‘बिस्टर’ हा नॉर्स (जुन्या स्कॅन्डिनेव्हियन) वसाहतकाळातील ‘वसवलेली शेतवाडी’ या अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. पूर्वपदाचा अर्थ ‘पूर्वेकडची’ असा लावण्याची प्रथा आहे आणि साउथ रोनल्डसे किंवा व्हॉल्सेच्या पूर्व किनाऱ्यावरील जागांना तो चपखल बसतो. परंतु सर्व इस्बिस्टरांची व्युत्पत्ती एकच मानण्याचे कारण नाही. साउथ रोनल्डसेवरील जागा आज जगाला ठाऊक आहे ती १९५८ मध्ये एका शेतकऱ्याला आपल्या जमिनीत सापडलेल्या नवाश्मयुगीन दफनगृहामुळे, ज्यात माणसांच्या अस्थींबरोबर समुद्रगरुडांची हाडे आणि नखे निघाली. त्या दफनगृहाचा आडनावाशी जागेपलीकडे काहीही संबंध नाही. वंशावळ शोधणाऱ्या हौशी मंडळींनी तो अधूनमधून जोडलेला दिसतो, म्हणून एवढा उल्लेख केला.

डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने कन्येच्या हुंड्यापोटी १४६८ मध्ये ऑर्कनी ५०,००० ऱ्हेनिश फ्लोरिनांना आणि पुढच्या वर्षी शेटलंड ८,००० फ्लोरिनांना स्कॉटिश राजाकडे गहाण टाकले. ते गहाण सुटले नाही आणि १४७२ मध्ये बेटे स्कॉटिश राजसत्तेत विलीन झाली. त्यामुळे हे आडनाव ‘स्कॉटिश’ ठरते ते राज्यकारभाराच्या अंगाने. भाषेच्या दृष्टीने ते नॉर्स आहे. ऑर्कनीत शेतवाडीचे नाव आडनाव म्हणून लावण्याची रीत लवकर रुजली आणि लिंकलेटर, क्लाउस्टन, मारविक, रेंडल, फूबिस्टर ही आडनावेही त्याच पद्धतीने आली. शेटलंडमध्ये याउलट वडिलांच्या नावावरून दर पिढीला नाव बदलण्याची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. नॉर्स काळापासून चालत आलेल्या उडल कायद्यात वडिलोपार्जित जमीन सर्व मुलांत वाटली जात असे. एका शेताचे तुकडे होत, प्रत्येक तुकड्यावरील कुटुंब मूळ शेताचेच नाव लावी आणि पुढे त्या जमिनीवर आलेले कूळही तेच नाव घेऊ शके. म्हणून दोन इस्बिस्टर कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही, आणि एकाच मूळपुरुषापासून सर्वांचा वंशवृक्ष काढण्याचा खटाटोप बहुधा चुकीच्या गृहीतकावर उभा असतो.

बेटांबाहेरचा विस्तार सुरू झाला तो फरच्या व्यापारामुळे. हडसन उपसागराभोवतीच्या प्रदेशात व्यापार करण्याची सनद १६७० मध्ये लंडनच्या एका कंपनीला मिळाली. अठराव्या शतकाच्या आरंभापासून तिची जहाजे अटलांटिक ओलांडण्यापूर्वी स्ट्रॉमनेस बंदरात थांबून पाणी, धान्य आणि माणसे घेऊ लागली. स्ट्रॉमनेसच्या मुख्य रस्त्यावर एक विहीर आहे. ती १९३१ मध्ये बुजवून बंद केली गेली, पण तिच्यावरील फलक अजून वाचता येतो. कंपनीच्या जहाजांनी १६७० ते १८९१ या काळात येथून पाणी भरले, १७८० मध्ये दक्षिण समुद्राच्या सफरीवरून परतणाऱ्या दोन जहाजांनी भरले आणि १८४५ मध्ये आर्क्टिकच्या शोधावर निघालेल्या दोन जहाजांनीही भरले, असे त्यावर कोरले आहे. जहाजांवर चढलेल्या मजुरांचा तेथे उल्लेख नाही, आणि या आडनावाचा प्रवास तर त्यांच्यामुळेच घडला.

ऑर्कनीचा मजूर कंपनीला दोन कारणांनी सोयीचा होता. तो थंडी-वाऱ्याला आणि होडीला सरावलेला होता, आणि लंडनच्या मजुरापेक्षा स्वस्त पडे. सुरुवातीचे वेतन वर्षाला ६ पौंड होते आणि करार काही वर्षांचा असे. राहणे-खाणे कंपनीचे असल्याने मितव्ययी माणूस परतताना शेतीचा पट्टा घेण्याइतकी रक्कम गाठीला बांधून आणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या परदेशातील नोकरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऑर्कनीचे होते. बेटांवर या नोकरीला ‘नॉर-वॅस्ट’ला (वायव्येला) जाणे म्हणत. पॅरिशवार वृत्तांत १७९० च्या दशकात लिहिले गेले, तेव्हा काही धर्मगुरूंनी नांगराला हात लावायला तरुण उरत नाहीत आणि परत येतात ते आळस घेऊन, अशी तक्रार नोंदवून ठेवली. तक्रार करणारे स्वतः जमीनदारांच्या मर्जीवर अवलंबून होते आणि मजुरीचे दर वाढणे जमीनदारांना नको होते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

कंपनीच्या ठाण्यांवर युरोपीय स्त्रिया नव्हत्या. नोकरांनी क्री स्त्रियांशी ‘देशाच्या रिवाजाप्रमाणे’ संसार थाटले; कंपनीला ते आरंभी मान्य नव्हते, पुढे तिने त्याकडे कानाडोळा केला. बर्फात चालायचे जाळीदार बूट विणणे, कातडी कमावणे, मांस सुकवणे, दुभाष्याचे काम करणे हे सारे या स्त्रिया करत आणि त्यांच्यावाचून ठाणे हिवाळा काढू शकले नसते. मुलांना आडनाव मात्र बापाचे मिळाले. इस्बिस्टर हे नाव ऐकून ऑर्कनी आठवते आणि आईच्या बाजूची सारी वंशरेषा त्या नावातून पुसली जाते. आडनावांच्या भौगोलिक नकाशांचा हा मोठाच दोष आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

ही कंपनी आणि फरच्या व्यापारातील तिची प्रतिस्पर्धी कंपनी यांचे १८२१ मध्ये विलीनीकरण झाले, ठाणी कमी झाली, नोकरकपात झाली आणि अनेक कुटुंबे रेड नदीकाठच्या वसाहतीत येऊन स्थिरावली. नदीला टेकलेल्या लांबट पट्ट्यांत शेती, उन्हाळ्यात रानगव्यांची शिकार किंवा कंपनीच्या होड्यांवर वल्ही मारण्याचे काम, असा त्यांचा वर्षक्रम होता. ऑर्कनीची बोली आणि क्री यांच्या मिश्रणातून ‘बंजी’ नावाची बोली तेथे तयार झाली. क्रीच्या प्रभावाने तिच्यात ‘स’ आणि ‘श’ यांची अदलाबदल होई. याच परिघातून आडनावाचे सर्वांत प्रसिद्ध दोन धारक पुढे आले. एक १८२२ मध्ये कंबरलंड हाउस ठाण्यावर जन्मला. कंपनीची नोकरी सोडून तो ब्रिटनला गेला, शिकला, लंडनमध्ये शाळांचा मुख्याध्यापक झाला आणि १८४७ मध्ये रेड नदीच्या रहिवाशांच्या वतीने कंपनीच्या मक्तेदारीविरुद्धचा अर्ज वसाहत खात्यापुढे त्याने मांडला. संसदीय समितीपुढे १८५७ मध्ये त्याने साक्षही दिली. मृत्युपत्राने त्याने आपली मालमत्ता आणि ग्रंथसंग्रह मॅनिटोबातील विद्यापीठाला दिला. दुसरा १८३३ मध्ये नेल्सन हाउसला जन्मला आणि १८६२ मध्ये उत्तर सॅस्कॅचेवन नदीकाठी शेती करू लागला. ती वस्ती काही वर्षे त्याच्याच आडनावाने ओळखली जात होती. १८६६ मध्ये आलेल्या एका मिशनऱ्याने तिला राणीच्या पतीचे नाव दिले आणि प्रिन्स अल्बर्ट हेच नाव पुढे टिकले.

यानंतरचा भाग अधिक सविस्तर पाहायला हवा, कारण कॅनडातील आजचे वितरण एका वादग्रस्त सरकारी वर्गीकरणावर उभे आहे. मॅनिटोबा प्रांत झाला तेव्हाच्या, म्हणजे १८७० च्या, जनगणनेत एकूण ११,९६३ लोकांची चार गटांत विभागणी केली होती: ५,७५७ मेटी (फ्रेंच बोलणारे मिश्रवंशीय), ४,०८३ इंग्रज हाफ-ब्रीड (इंग्रजी बोलणारे मिश्रवंशीय), १,५६५ गोरे आणि ५५८ इंडियन (म्हणजे मूलनिवासी). इस्बिस्टर कुटुंबे बहुतांशी दुसऱ्या गटात बसवली गेली. ‘इंग्रज’ म्हणण्यासारखे त्यांच्यात फारसे काही नव्हते. बाप-आजे ऑर्कनीचे, आई-आज्या क्री आणि घरातली बोली दोन्हींची भेसळ. फ्रेंच बोलणारा कॅथलिक तो मेटी आणि इंग्रजी बोलणारा प्रोटेस्टंट तो हाफ-ब्रीड, ही रेघ नोंदणी करणाऱ्यांच्या सोयीची होती. त्या प्रांताच्या कायद्यात हाफ-ब्रीड कुटुंबांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवण्याचे वचन होते. वाटप इतके रखडले की दरम्यान बाहेरचे वसाहतकार येऊन बसले आणि अनेक कुटुंबे पश्चिमेला, सॅस्कॅचेवनकडे सरकली.

सॅस्कॅचेवनच्या बाजूला आणखी एक रेघ होती. क्री गटांशी १८७६ मध्ये झालेल्या करारात जे सामील झाले त्यांना राखीव जमीन आणि माणशी वर्षाला ५ डॉलर मिळत. त्याच वर्षीच्या कायद्याने ‘इंडियन’ कोण हे ठरवले आणि तो दर्जा बापाकडून किंवा नवऱ्याकडून येतो असे धरले. करारात नसलेल्या मिश्रवंशीयांना १८८५ पासून ‘स्क्रिप’ देण्यास आयोग फिरू लागले. स्क्रिप म्हणजे १६० किंवा २४० डॉलरची अथवा तितक्या एकरांची हक्कचिठ्ठी. ती घेतली की मूलनिवासी म्हणून जमिनीवरील हक्क संपला असे सरकार मानी. करारातून बाहेर पडून स्क्रिप घेण्याची मुभाही होती, आणि उपासमारीच्या त्या वर्षांत हातात येणाऱ्या रोख रकमेची ओढ अनेकांना आवरली नाही. यातूनच एका आडनावाची दोन कायदेशीर कुळे झाली. एक भाऊ करारात राहिला, त्याची मुले गटाच्या यादीत राहिली आणि तो राखीव वस्तीचा रहिवासी झाला; दुसऱ्याने स्क्रिप घेतले आणि तो रस्त्याकडेच्या किंवा शहरालगतच्या वस्तीचा मेटी झाला. करारातील स्त्री स्क्रिपवाल्या इस्बिस्टरशी विवाहबद्ध झाली की तिचा दर्जा जाई.

स्क्रिपच्या अर्जाची शपथपत्रे आजही अभिलेखागारात आहेत. अर्जदार कोठे जन्मला, बाप कोण आणि कोणत्या वंशाचा, आई कोण आणि कोणत्या वंशाची, विवाह कोणाशी, मुले किती, करारातील पैसा कधी घेतला होता काय, असे छापील प्रश्न, त्यांच्यापुढे कारकुनाने लिहिलेली उत्तरे आणि खाली बहुतेक वेळा सहीऐवजी फुली. ज्या व्यवस्थेने या लोकांना जमिनीपासून तोडले तिनेच त्यांच्या आयांची नावे लिहून ठेवली; वंशशोधकांना त्या नावांपर्यंत पोचवणारे याहून चांगले साधन नाही. आयोगाच्या तंबूशेजारी दलाल उभे असत आणि चिठ्ठ्या दर्शनी किमतीच्या अंशात विकत घेत. जमिनीच्या स्क्रिपसाठी मूळ मालकाने जातीने हजर राहण्याची अट होती, ती तोतये उभे करून पार पाडली जाई. फसवणुकीचे खटले उभे राहण्याचा संभव दिसू लागताच १९२१ मध्ये फौजदारी कायदा बदलून अशा खटल्यांना तीन वर्षांची मुदत घातली गेली. याला निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे.

आडनावाच्या प्रिन्स अल्बर्टमधील धारकाची भूमिका याच पेचातून समजते. अमेरिकेतील मोंटानात शिक्षकाचे काम करणाऱ्या मेटी नेत्याला परत आणायला १८८४ मध्ये जे चौघे गेले, त्यांच्यात इंग्रजी बोलणाऱ्या गटाचा प्रतिनिधी तोच होता. पुढच्या वर्षीच्या सशस्त्र उठावात त्या गटाने भाग घेतला नाही, तरीही त्याला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. फ्रेंच मेटींच्या स्मृतीत उठाव केंद्रस्थानी राहिला आणि ऑर्कनी वंशाच्या मिश्र कुटुंबांची मागणी तीच असूनही ती कडेला पडली.

कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेने इंडियन, इन्युइट आणि मेटी हे तीन मूलनिवासी समाज मान्य केले आणि जुन्या दोन गटांना ‘मेटी’ हे एकच नाव व्यवहारात मिळाले. विवाहामुळे दर्जा गमावलेल्या स्त्रियांना तो परत मागण्याची वाट १९८५ च्या दुरुस्तीने खुली केली, आणि त्यामुळे काही इस्बिस्टर कुटुंबे पुन्हा क्री गटांच्या याद्यांत आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये १४ लाख एकरांच्या वाटपात शासनाने कर्तव्यात कसूर केली असा निर्णय दिला. या घडामोडींनंतर वंशावळीची कागदपत्रे मागवणाऱ्यांची संख्या वाढली आणि ऑर्कनीच्या पॅरिश नोंदींकडेही कॅनडातून विचारणा येऊ लागली.

इतर शाखांबद्दल थोडक्यात सांगता येईल. समुद्री गवताच्या राखेचा धंदा १८३० च्या सुमारास बसल्यावर बेटांवरून बाहेर पडणारे सर्वच नॉर-वॅस्टला गेले नाहीत. काही लीथला गेले, काहींनी व्हेलच्या शिकारीची जहाजे धरली आणि पुढे न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात वस्ती केली. जुन्या नोंदींत इस्बेस्टर, एस्बिस्टर, यस्बिस्टर अशी रूपे सापडतात, आणि ती वेगळी आडनावे मानू नयेत. ऑर्कनीतील नोंद कॅनडातील व्यक्तीशी जुळवताना जन्माच्या पॅरिशबरोबर कंपनीच्या सेवापुस्तकातील पॅरिशही पाहावा, कारण जॉन, जेम्स, थॉमस ही नावे प्रत्येक पिढीत इतकी परत येतात की केवळ नाव-आडनाव जुळले म्हणून माणूस जुळला असे होत नाही.